वाट पाहण्याची संहिता : वात्सल्य, विलंब आणि बोली

१

मराठी साहित्यविचारात वात्सल्याची चर्चा जेथे जेथे झाली आहे तेथे एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आढळते. ती म्हणजे, मूल बोलणार आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा स्वतंत्र रस मानला तेव्हा अपत्य हे आलंबन आणि त्याच्या चेष्टा हे उद्दीपन अशी मांडणी केली. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात श्रोत्यांकडे क्षमा मागताना अपत्याच्या बोबड्या वाचेने मायबापांना अधिकच संतोष होतो, हा दृष्टान्त येतो. पुढे तो मराठी कवितेत इतका रुळला की वाङ्मयीन विनयाची ती जणू रीतच झाली. बोलणारा अपुरा, ऐकणारा उदार आणि तो अपुरेपणाच प्रेमाचे निमित्त, असे हे नाते आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त (१९३५) तेच नाते दुसऱ्या टोकाकडून दिसते. तेथे मूल मोठे झाले आहे, भाषा त्याच्या स्वाधीन आहे आणि त्या भाषेत ते आईला उभी करते. आईने केले त्याला वाङ्मयीन अर्थ आला तो मुलाच्या बोलण्यामुळे.

दोन्ही ठिकाणी वात्सल्याचा व्यवहार पुरा होतो तो मुलाच्या शब्दाने, मग तो शब्द बोबडा असो की प्रगल्भ. ज्या आईच्या तीन वर्षांच्या मुलाने अद्याप 'आई' अशी हाक मारलेली नाही, किंवा दीड वर्षाचे असताना मारलेली हाक जे आता विसरले आहे, तिच्या वाट्याला या परंपरेतून कोणता दृष्टान्त येतो? बोबडेपणा पोटात घालता येतो. न आलेला शब्द पोटात कसा घालायचा, हे काव्यशास्त्र सांगत नाही. अशा आईला किंवा बापाला आज एका निराळ्याच संहितेशी गाठ घालावी लागते. ती संहिता म्हणजे विकासमूल्यमापनाचा अर्ज, त्यातील प्रश्नावली आणि त्याआधीचा प्रतीक्षेचा काळ. हा विषय वैद्यकाचा आहेच. परंतु या काळात एक माणूस आपल्या मुलाची हकिकत सांगत असतो, दुसरा ती लिहून घेत असतो आणि तिसरा तिच्यावरून नाव ठरवीत असतो. कथन, लेखन आणि नामकरण यांचा हा व्यवहार समीक्षेच्याही कक्षेत येतो. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत, त्याला बोलीच्या प्रश्नाने आणखी एक पीळ पडतो.

२

प्रथम या प्रतीक्षेची रचना पाहिली पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस अवस्थांची तपासणी त्यात योजिलेली आहे. वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, असा त्याचा क्रम आहे. त्या तीस अवस्थांच्या यादीत भाषेचा विलंब आणि स्वमग्नता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पालकाच्या मनातील सारा काळ या दोन नोंदींच्या मधल्या जागेत जातो. 'उशीर आहे की आणखी काही आहे' हा त्याचा प्रश्न असतो आणि उत्तर मिळेपर्यंत दोन्ही शक्यता त्याला एकाच वेळी वागवाव्या लागतात.

भूगोलही या संहितेचा भाग आहे. जिल्ह्याचे ठाणे अलिबाग समुद्रकाठी, तर कर्जत-खालापूर सह्याद्रीच्या पायथ्याशी, बोरघाटाखाली. रेल्वेचा ओढा मुंबईकडे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारे १०० किलोमीटरवर, आणि खोपोलीचा फाटा त्याच्याही पुढे. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत श्रवणचाचणी ही पहिली पायरी असल्यामुळे तेथवरचा प्रवास अनेकांच्या वाट्याला येतो. पहाटेची लोकल, दादरला उतरून पश्चिम रेल्वे गाठणे, आणि गर्दीच्या आवाजाने कानावर हात ठेवून ओरडणारे मूल. ज्या मुलाला ऐकू येते की नाही हे तपासायचे आहे, त्याला फार ऐकू येते हे डब्यातल्या सगळ्यांना तासाभरात कळलेले असते. हा विरोधाभास अर्जाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. पालक मात्र घरी परतल्यावर तोच आधी सांगतात.

कातकरी कुटुंबांच्या बाबतीत प्रतीक्षेला आणखी एक काळ छेदून जातो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. रुग्णालयाची तारीख कॅलेंडरच्या काळात दिलेली असते, तर कुटुंबाचे वर्ष उचल आणि भट्टी यांच्या काळात चालते. तारीख चुकली की अर्जावर 'गैरहजर' असा शेरा पडतो. कथनमीमांसेच्या भाषेत बोलायचे तर दोन काळ एकमेकांना छेदतात आणि त्यांपैकी एकच लिहिला जातो. वाचणाऱ्याला मग त्या एका शब्दातून पालकाची बेपर्वाई दिसते. भट्टी दिसत नाही.

३

पालकाच्या हकिकतीला या निदानाच्या इतिहासात असलेले स्थान फारसे ध्यानात घेतले जात नाही. लिओ कॅनर यांचा अकरा मुलांविषयीचा निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला आणि तेथून या अवस्थेचा आधुनिक विचार सुरू झाला असे मानले जाते. त्यातील पहिले मूल डोनाल्ड. १९३८ च्या ऑक्टोबरात कॅनर यांनी त्याला बाल्टिमोर येथे तपासले. परंतु त्याआधी त्याच्या वकील वडिलांनी टंकलिखित केलेले तेहतीस पानांचे पत्र त्यांच्या हाती आले होते. मुलाचे फिरत्या वस्तूंचे वेड, घराची न बदलणारी शिस्त, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारण्याची सवय, हे सारे वडिलांनी नोंदविले होते. म्हणजे ही अवस्था वैद्यकाच्या परिभाषेत येण्यापूर्वी एका वाट पाहणाऱ्या बापाच्या गद्यात आलेली होती.

त्या गद्याचे पुढे काय झाले, हे अधिक बोधप्रद आहे. कॅनर यांनी पत्राचा आधार घेतला, आणि त्याच निबंधात अशा तपशीलवार हकिकती व दैनंदिन्या म्हणजे पालकांच्या अतिकाटेकोर स्वभावाची साक्ष आहे, अशीही नोंद केली. निवेदकाने पुरविलेला पुरावा निवेदकावरच उलटला. तपशील दिला म्हणून त्याच्यावर संशय आला. दिला नसता तर निष्काळजीपणाचा ठपका आला असता. या संशयाचे टोक ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथात गाठले गेले. तेथे आईचा भावनिक नकार हेच कारण ठरविण्यात आले. त्याआधी १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, हे कारण साधार नाकारले होते. आणि १९६७ मध्येच क्लारा क्लेबोर्न पार्क यांनी आपल्या मुलीविषयी लिहिलेले 'द सीज' हे पुस्तक आले. एकाच वर्षी एका ग्रंथात आई आरोपी होती आणि दुसऱ्यात ती साक्षीदार होती. आज या अवस्थेला जैविक, मुख्यतः आनुवंशिक घटकांचा पाया आहे असे मानले जाते आणि आईला दोषी धरणारा विचार त्याज्य ठरला आहे. परंतु कथन म्हणून त्याचे बळ संपलेले नाही. गरोदरपणात पाळलेले न पाळलेले ग्रहण, लागलेली नजर, आईने कामाला जाणे आणि अलीकडे हाती दिलेला मोबाइल, अशा नव्याजुन्या कारणांनी गावोगावी तोच खटला चालू असतो. मूल्यमापनाच्या टेबलाशी बसलेली आई उत्तर देते तेव्हा ती केवळ माहिती देत नसते, आपला बचावही करीत असते. तिचे 'तसं नाही, तो लई हुशार आहे' हे वाक्य याच अंगाने वाचावे लागते.

मिशेल फूको यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात आधुनिक चिकित्सालयाच्या जन्माबरोबर वैद्याचा प्रश्न बदलला, असे म्हटले आहे. 'तुला काय होते आहे' या प्रश्नाची जागा 'कुठे दुखते' या प्रश्नाने घेतली. विकासमूल्यमापन हे या सूत्राला पडलेले एक वेगळे उदाहरण आहे. येथे दुखणारी जागा नाही, रक्ताची चाचणी निदान ठरवीत नाही, आणि मूल स्वतः सांगू शकत नाही. म्हणून चिकित्सालयाला पुन्हा हकिकतीकडेच यावे लागते. निरीक्षणाबरोबर पालकाचे कथन हा येथील मुख्य पुरावा असतो. डोनाल्डच्या वडिलांजवळ टंकलेखन यंत्र, प्रमाण भाषा आणि वकिली गद्य होते. कर्जतच्या वाडीतील बापाजवळ यांपैकी काही नसते. त्याच्या तेहतीस पानांचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारायचा आहे.

४

त्या आधी ज्या शब्दांत हा व्यवहार चालतो ते शब्द तपासणे आवश्यक आहे, कारण रूपके येथे कारणांसारखी काम करतात.

मराठीत मुलाला 'वाचा फुटते'. झरा फुटतो, अंकुर फुटतो, पालवी फुटते. या क्रियापदात आत काही असल्याची आणि योग्य ऋतूत ते बाहेर येण्याची खात्री भरलेली आहे. घरातील वडीलधारी माणसे 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बापही पाच वर्षांचा होईतो बोलला नव्हता' असे म्हणतात, तेव्हा ती या रूपकाच्या आतून बोलत असतात. या बोलण्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे सर्वांसारखी होतात. पण रूपकाने एक गोष्ट अदृश्य केलेली असते. अंकुराला वाट पाहण्यावाचून काही करावे लागत नाही. मुलाला मात्र त्या काळात कुणी तरी मदत करावी लागते.

'विलंब' या अर्जातील शब्दाचे रूपक निराळे आहे. विलंबाला वेळापत्रक लागते. गाडी उशिरा येते याचा अर्थ ती येणार आहे, त्याच रुळांवरून आणि त्याच फलाटावर येणार आहे. कर्जतच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाषाविलंबाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. स्वमग्नतेच्या बाबतीत मात्र तो दिशाभूल करतो, कारण तेथे प्रश्न वेळेचा नसून मार्गाचा असतो. काही मुले पुष्कळ बोलतात, लवकर बोलतात, अंक आणि अक्षरे ओळखतात. पण बोलणे दुसऱ्यापर्यंत नेण्याची त्यांची वाट वेगळी असते. पालक 'विलंब' हा शब्द ऐकून गाडीची वाट पाहत राहतो, आणि ती गाडी दुसऱ्या मार्गाने केव्हाच येऊन उभी असते.

तिसरा शब्द 'स्वमग्न'. ब्लॉइलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविलेल्या मूळ संज्ञेतील 'स्व' मराठीत आला आणि त्याला 'मग्न' जोडले गेले. मराठीत मग्न होणे ही सुखाची, बहुधा आपखुषीची अवस्था असते. माणूस ध्यानमग्न, कार्यमग्न, विचारमग्न असतो. शिवाय साहित्यव्यवहारात 'आत्ममग्न' या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. नवकवितेवर आत्ममग्नतेचा आरोप झाला आणि तिच्या समर्थकांनी तोच गुण म्हणून मिरविला. त्या वादात समाजाकडे पाठ फिरविण्याचा निर्णय कवीचा होता, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. हीच छाया घेऊन शब्द मुलापाशी येतो तेव्हा मूल जणू बुद्ध्या आत वळले आहे, हाक ऐकूनही प्रतिसाद देत नाही, असा अर्थ नकळत तयार होतो. वस्तुतः आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा मारा असह्य होणे आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील संकेत सहज न उलगडणे, ही मुलाच्या अडचणीची अधिक खरी वर्णने आहेत. रूढ शब्द बदलावा असे म्हणणे सोपे आहे, पण ते व्यवहार्य नाही. शब्द वापरताना त्याची छाया माहीत असणे एवढे तरी अभ्यासकाकडून अपेक्षिता येते.

लोकप्रिय कल्पनाशक्तीने या शब्दांना फारसा पर्याय दिलेला नाही. संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) या चित्रपटाने दिलीप प्रभावळकरांच्या नंदूच्या रूपाने मतिमंद व्यक्तीला मराठी प्रेक्षकाच्या मनात जिव्हाळ्याची जागा दिली, हे त्याचे श्रेय मोठे आहे. मात्र तेथे अवस्थेचे मूळ बालपणीच्या अपघातात आहे. कथेला एक क्षण सापडतो, ज्याच्या आधी सारे ठीक होते. स्वमग्न मुलाच्या पालकाला असा क्षण मिळत नाही. तो मागे वळून ताप, पडणे, लस, गाव बदलणे यांतून क्षण शोधीत राहतो, कारण ज्या कथा त्याला ठाऊक आहेत त्यांत तो असतोच.

५

आता बोलीचा प्रश्न. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) कोकणातील बोलींमध्ये ठाकरी आणि काथोडी म्हणजे कातकरी यांची स्वतंत्र नोंद आहे. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील ग्रंथ १९६० सालचा. या बोली संशोधकांना शतकभर ठाऊक आहेत. अंगणवाडीच्या भिंतीवरील तक्त्याला आणि मूल्यमापनाच्या प्रश्नावलीला मात्र त्यांचा पत्ता नसतो. चित्र दाखवून 'हे काय आहे?' असे विचारले जाते तेव्हा अपेक्षित उत्तर प्रमाण मराठीतले असते. मुलाने घरचा शब्द उच्चारला आणि तपासणाऱ्याला तो कळला नाही, तर तो शब्द 'अस्पष्ट उच्चार' या रकान्यात जातो. मूल गप्प राहिले तर 'प्रतिसाद नाही'.

यातून दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. पहिलीत भेदाला विलंब समजले जाते. घरी नीट बोलणारे मूल परक्या भाषेत परक्या माणसासमोर गप्प बसते आणि त्याच्यावर शिक्का बसतो. दुसरीत विलंबाला भेद समजले जाते. 'आदिवासी मुले बुजरीच असतात', 'यांची भाषाच वेगळी आहे' अशा उदार वाटणाऱ्या वाक्यांनी मुलाची खरी अडचण झाकली जाते आणि मदतीची वर्षे निघून जातात. पहिली चूक दिसते म्हणून तिच्यावर टीका होते. दुसरी चूक सहानुभूतीच्या वेषात येते म्हणून ती अधिक घातक आहे. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता येत नाही आणि भाषेची विकृतीही निर्माण होत नाही, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून बोली हे कारण म्हणून पुढे करता येत नाही. ती मूल्यमापनाचे माध्यम व्हावी लागते. मूल घरच्या भाषेत किती शब्द बोलते, हाच पहिला प्रश्न हवा, आणि त्याचे उत्तर देण्यास आईइतका अधिकारी दुसरा कोणी नाही.

परंतु आईचे उत्तर लिहून घेताना त्याचे रूपांतर होते. भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणीत चाळीस विधाने आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण असतात आणि ते वर्तन किती वेळा घडते याच्या टक्केवारीशी जोडलेले असतात. वीस टक्क्यांपर्यंत क्वचित, ऐंशीच्या वर नेहमी. बेरीज सत्तरच्या खाली असेल तर स्वमग्नता नाही असे मानले जाते. अशा श्रेणीची गरज नाकारण्याचे कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि वाचा-भाषा दोष यांना स्वतंत्र स्थान मिळाले, आणि प्रमाणपत्रासाठी कोणते तरी समान माप लागतेच. प्रश्न उरतो तो क्रियाविशेषणांचा. 'कधीमधी', 'घडीघडी', 'मनात आलं तर', 'माणूस ओळखीचं असलं तर' ही पालकाची क्रियाविशेषणे आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंची टक्केवारी करता येईल. 'मनात आलं तर' याची करता येत नाही, कारण त्यात वारंवारता नाही, मुलाच्या हेतूविषयीचा तर्क आहे. 'माणूस ओळखीचं असलं तर' यात परिस्थिती आहे. अंक या दोन्ही गोष्टी पुसून टाकतो. चांगला तपासनीस समासात लिहितो. समीक्षकाच्या दृष्टीने सबंध अहवालातील सर्वांत मोलाचा भाग तो समास असतो.

दुसरे उदाहरण व्याकरणाचे आहे. 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल ही कॅनर यांच्यापासून नोंदविलेली खूण. याकोब्सन यांनी अशा शब्दांना सरकते निर्देशक मानले. बोलणारा बदलला की त्यांचा संदर्भ बदलतो. पण मराठीत सर्वनाम सर्रास गाळले जाते आणि पुरुष, लिंग, वचन क्रियापदाच्या प्रत्ययात राहतात. त्यामुळे ऐकलेले वाक्य तसेच परत म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत उलटापालट सर्वनामापेक्षा प्रत्ययात आढळेल. 'पाणी पाहिजे का तुला?' हे पाणी मागण्यासाठी, किंवा आईच्या तोंडचे 'येते हं' मुलग्याने बाहेर जाण्यासाठी वापरणे, ही त्याची रूपे. परभाषेतून आलेला 'मूल मी आणि तू यांत गोंधळ करते का?' हा प्रश्न आईला विचारला तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. शिवाय असे पुनरुच्चार निरर्थक पोपटपंची नसतात, त्यांतून मूल मागते, नाकारते, संवाद चालू ठेवते, हे प्रिझंट आणि डुखन यांनी १९८१ मध्ये दाखविले. पुनरुक्तीतही अर्थ असतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागू नये.

याउलट लोकव्यवहारात असे काही आहे, ज्याचा प्रश्नावलीशी थेट मेळ बसतो. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक चाळणीत बोट दाखविण्याविषयीचे प्रश्न महत्त्वाचे असतात. मूल हवी ती वस्तू मिळविण्यासाठी बोट दाखविते का, आणि केवळ 'बघ' म्हणून, आनंद वाटून घेण्यासाठी दाखविते का? यांपैकी दुसरे नसणे ही मोठी खूण मानली जाते. मराठी घरात संध्याकाळी मुलाला कडेवर घेऊन चांदोबा दाखविला जातो. घास भरविताना काऊ आणि चिऊ यांना साक्षीला बोलाविले जाते. दोघांनी मिळून तिसऱ्याकडे पाहणे, हीच या खेळांची रचना आहे. मूल चंद्राकडे पाहते की आईच्या बोटाकडे, की कशाकडेच नाही, हे आईला अनेक संध्याकाळी दिसलेले असते. म्हणजे चाचणी घरात आधीच झालेली असते. फक्त तिला चाचणी म्हणून कुणी विचारलेले नसते. 'बोट दाखवतो का?' या कोरड्या प्रश्नाला 'दाखवतो' असे उत्तर येते. 'चांदोबा दाखवलात तर काय करतो?' असे विचारले तर हकिकत येते.

६

प्रतीक्षेच्या काळाकडे अखेर वळले पाहिजे. नाट्यशास्त्राने वाट पाहणाऱ्या स्त्रीची दोन रूपे नोंदविली, वासकसज्जा आणि विरहोत्कंठिता. पण दोन्ही शृंगाराच्या परिघातील. कोणी तरी परत येणार आहे, या आशेवर त्यांची प्रतीक्षा उभी आहे. मूल्यमापनाची वाट पाहणारा पालक कुणाच्या परत येण्याची वाट पाहत नाही, कारण मूल त्याच्या मांडीवरच असते. तो एका शब्दाची वाट पाहत असतो, आणि तो शब्द येऊ नये असेही त्याला वाटत असते. फ्रँक करमोड यांनी १९६७ मध्ये दाखविल्याप्रमाणे शेवट हा मागील साऱ्या घटनांना नवी मांडणी देतो. निदान हा असाच शेवट असतो. ते उच्चारले गेले की चाके फिरवीत बसणे, एकच रस्ता धरणे, हाकेला न वळणे या विखुरलेल्या गोष्टी एका कथेत बसतात. अनेक पालकांना त्या क्षणी दुःखाबरोबर हलके वाटते ते यामुळे. परंतु या मांडणीत काही गमावलेही जाते. कालपर्यंत जी मुलाची लकब होती ती आज लक्षण होते.

जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या लेखकाने १९९३ मध्ये पालकांना उद्देशून म्हटले होते की त्यांचा शोक समोरच्या मुलासाठी नसतो, अपेक्षिलेल्या आणि कधीच न आलेल्या मुलासाठी असतो. तो शोक समोरच्या मुलावर लादू नये. वात्सल्याच्या परंपरेला हा सरळ प्रश्न आहे. तिने रंगविलेले बोबडे बोलणारे बालक हेच ते अपेक्षिलेले मूल.

त्या परंपरेतच दुसरा धागाही आहे. अंगाई हा असा वाङ्मयप्रकार आहे की ज्यात श्रोत्याने उत्तर देणे अपेक्षित नाही. तो झोपला की गीत सफल होते. बोरघाटाच्या वरच्या अंगाला मावळ-मुळशीत गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांतही बाई ज्याला उद्देशून गाते तो बाळ, भाऊ किंवा विठ्ठल बहुधा समोर नसतो, असला तरी बोलत नाही. उत्तराची अट न घालता संबोधन करणे ही येथील स्त्रियांची जुनी वाङ्मयीन कमाई आहे. क्षमेच्या दृष्टान्तापेक्षा हा धागा न बोलणाऱ्या मुलाच्या आईच्या अधिक जवळचा आहे.

मात्र येथे समीक्षेने सावध राहिले पाहिजे. आधुनिक मराठी कवितेला मौनाचे आकर्षण फार, आणि शब्दापलीकडचे म्हणून मुलाच्या न बोलण्याला गूढत्व बहाल करणे सोपे. तहान लागली तरी सांगता येत नाही, दुखते कुठे ते दाखविता येत नाही, ही अवस्था गूढ नाही. ती त्रासाची आहे. तिच्यावर उपाय म्हणजे खाणाखुणा, चित्रे, खेळ, ठरलेला दिनक्रम, आणि यांपैकी कशासाठीही निदानाच्या शिक्क्याची गरज नसते. ऐकू येते याची खात्री करून घेणे आणि मुलाशी घरच्या बोलीत, छोट्या वाक्यांत, त्याचे लक्ष ज्यावर आहे त्याविषयी बोलत राहणे, हे तारखेच्या आधीही करता येते. मराठीत प्रतीक्षेला 'वाट पाहणे' म्हणतात. पाहत बसलेल्या माणसाला चालायला बंदी आहे, असे त्या शब्दांत कोठेही नाही.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम याहून मर्यादित आहे, पण ते दुसरे कोणी करणार नाही. प्रश्नावली कातकरी आणि ठाकरी बोलींत नेताना केवळ शब्द बदलून भागणार नाही. प्रश्न हकिकतीच्या रूपात कसा विचारावा, उत्तरातील क्रियाविशेषण कसे जपावे, 'गैरहजर' या शेऱ्यापुढे भट्टीचा महिना कसा लिहावा, हे कथनाची जाण असलेल्यांनी सुचवायचे आहे. कर्जतच्या वाडीतील बापाजवळ तेहतीस टंकलिखित पाने नाहीत, पण तेवढी हकिकत त्याच्याजवळ आहे. ती त्याच्या बोलीत आहे आणि बहुधा तुकड्यातुकड्यांनी सांगितली जाते. समोरचा माणूस ती पूर्ण होईपर्यंत ऐकतो की नाही, यावर एका मुलाची पुढची वर्षे अवलंबून असतात.